हमाली कोणी द्यायची?

"आम्ही दिलेल्या शंभर रुपयांतले पूरग्रस्तापर्यंत नेमके किती पोहोचतात?" मदतकार्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात, देणगीची पावती घेता घेता विचारतात. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पैसा कष्टाचा आहे, मधल्या मधे कुणी खाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. पण एखादी संस्था "शंभरातले शंभर" असं उत्तर देत असेल, तर मी तिला देणगी देणार नाही आणि तुम्हीही देऊ नका असं सांगेन. एक तर ती खरं बोलत नाही, किंवा तिचा माल डांबरी सडक संपते तिथेच थांबतो.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरच्या कॉलेजात बी.कॉम. करत होते. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. सुमारे आठ हजार माणसं गेली. पदवी हातात पडल्यावर घरदुरुस्तीचं काम करणाऱ्या एका संस्थेत हिशेबनीस म्हणून लागले. पुढे कच्छ, नागपट्टणम, सांगली-कोल्हापूर, जिथे जिथे काम निघालं तिथे कीर्द-खतावणी घेऊन गेले. मदतकार्यातल्या डॉक्टरांचे, स्वयंसेवकांचे फोटो छापून येतात, ते योग्यच आहे. पैशाची बाजू मात्र फोटोत येत नाही, आणि ती कशी चालते हे न कळल्यामुळे चांगल्या मनाची माणसंही चुकीचे प्रश्न विचारत राहतात.

समजा, शिरोळ तालुक्यातल्या एक हजार पूरग्रस्त कुटुंबांना संसाराचा संच द्यायचा आहे. ताडपत्री, सतरंजी, चादरी, भांडी, बादली, झाकणाचा पिंप, मच्छरदाणी, साबण, सॅनिटरी पॅड. एका संचाचे अडीच हजार धरू. झाले पंचवीस लाख. देणाऱ्याच्या मनातलं बजेट इथे संपतं. माझं इथून सुरू होतं. माल वेगवेगळ्या गावांहून येणार, तो उतरवायला कोरडं गोडाऊन हवं. संच बांधायला माणसं हवीत. टेम्पो हवा. माल चढवायची हमाली, उतरवायची हमाली. रस्ता खचला असेल तर शेवटच्या तीन-चार किलोमीटरला ट्रॅक्टर. त्याआधी घरोघर जाऊन याद्या करणारी मुलं-मुली, त्यांचं मानधन, पेट्रोल, दोन वेळचं जेवण. यादी चावडीवर लावायची तर छपाई. वाटपानंतर महिनाभराने "मिळालं का, उपयोगी पडलं का" हे विचारायला पुन्हा फेरी. शेवटी ऑडिट. या सगळ्याला तीन-चार लाख सहज लागतात.

हे पैसे वाचवता येतात. कसे, ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत डोळ्यांनी पाहिलं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी ओसरू लागलं तसे राज्यभरातून ट्रक आले. माणसं पदरमोड करून, रात्रीचा प्रवास करून आली होती. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांच्याकडे यादी नव्हती, गोडाऊन नव्हतं, वाट दाखवणारं माणूस नव्हतं. त्यामुळे मोठ्या रस्त्यालगतच्या गावांत एकेका घरी तीन-तीन चादरी गेल्या आणि मळ्यातल्या वस्तीवर काडेपेटीही गेली नाही. ज्याच्या अंगात ट्रकपर्यंत पळत जायची ताकद होती त्याला मिळालं. म्हाताऱ्या, बाळंतिणी, अपंग, भाड्याच्या खोलीत राहणारे ऊसतोड मजूर मागे राहिले. आणि जुन्या कपड्यांचे ढीग! ते कपडे निवडायला, धुवायला, शेवटी विल्हेवाट लावायलाही माणसं आणि पैसा लागला, आणि तो कुणाच्याच बजेटमध्ये नव्हता.

म्हणून ज्याला लोक "वरचा खर्च" म्हणतात, तो मला मळ्यातल्या वस्तीचा खर्च वाटतो. सगळाच वरखर्च पवित्र असतो असं मी म्हणत नाही. वातानुकूलित गाड्या, हॉटेलातल्या बैठका, चकचकीत अहवाल यांवर उधळलेला पैसाही मी पाहिला आहे, आणि तो पाहून आजही संताप येतो. तो ओळखण्यासाठी टक्केवारी पुरत नाही. खर्चाचा तपशील मागावा लागतो.

बजेटची सुरुवात माणसापासून होते, हे या कामात फार लवकर शिकायला मिळतं. मदतकार्याची किमान मानकं जगभरात ठरलेली आहेत. 'स्फिअर' या नावाने १९९७ पासून त्यांवर काम सुरू झालं. छावणीत माणशी दिवसाला निदान पंधरा लिटर पाणी. वीस माणसांमागे एक शौचालय. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. आकडे कोरडे दिसतात, पण त्यांतूनच पैशाचं गणित निघतं. पाच हजार माणसांची छावणी म्हणजे रोज पंचाहत्तर हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या आठ खेपा आणि अडीचशे शौचालयं. आता टँकरचे पैसे चारच खेपांपुरते असतील, तर अर्थ सरळ आहे: माणशी आठ लिटर. त्यात पिणं आणि स्वयंपाक कसाबसा होईल, पण हात धुणं, बाळाचे कपडे धुणं, पाळीच्या दिवसांतली स्वच्छता जाईल, आणि दहा दिवसांत जुलाबाची साथ दारात येईल. बजेटमधल्या एका ओळीवर काट मारताना छावणीत काय होणार आहे, हे हिशेबनिसाला दिसलं पाहिजे. नसेल दिसत तर त्याने एक दिवस नळापाशी उभं राहावं.

आता पैशाच्या बंधनाबद्दल. सामान्य देणगीदाराला याची फारशी कल्पना नसते, पण आमची निम्मी झोप त्यापायीच जाते. माझी आजी तांदळाच्या डब्यात एक पुडी, डाळीच्या डब्यात दुसरी, अशा पुड्या करून पैसे ठेवायची. डाळीची पुडी तांदळाला लावायची नाही. मदतीचा पैसाही असाच पुड्यांतून येतो. अमुक जिल्ह्यासाठी, अमुक वस्तूसाठी, अमुक तारखेपर्यंत. प्रत्येक पुडीचा जमाखर्च वेगळा. एका ओळीचा पैसा दुसऱ्या ओळीला ठरावीक टक्क्यांपलीकडे न्यायचा, तर देणाऱ्याची लेखी परवानगी घ्यायची. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी असेल तर ३१ मार्चची घाई, कारण न खर्चलेल्या रकमेचं काय करायचं याचे कायद्याने कडक नियम आहेत. आणि आपत्तीला मार्चअखेर कळत नाही.

या बंधनांचं मोल दोन मोठ्या प्रसंगांत जगाला दिसलं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकन रेडक्रॉसने 'लिबर्टी फंड' उभारला. पन्नास कोटी डॉलरहून अधिक जमले. त्यातला काही भाग संस्थेने पुढच्या संकटांसाठी राखून ठेवायचं ठरवलं. हिशेबाच्या दृष्टीने त्यात शहाणपण होतं, पण लोकांनी दिला होता तो त्या दिवशीच्या बळींच्या कुटुंबांसाठी. देशभर संताप उसळला, अध्यक्षा बर्नाडीन हीली यांना पद सोडावं लागलं, आणि नोव्हेंबरमध्ये संस्थेने सगळा निधी त्याच कामी लावायचं जाहीर केलं. दुसरा प्रसंग २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतरचा. आठवडा-दीड आठवड्यातच 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने जाहीर सांगितलं की त्सुनामीसाठी आमच्या कामापुरता पैसा जमला आहे, आता त्यासाठी देऊ नका. द्यायचंच तर कुठेही वापरता येईल असं द्या. पुढे आधीच्या देणगीदारांनाही विचारलं, तुमचा पैसा दुसऱ्या संकटात वापरू का? बहुतेकांनी हो म्हटलं. पैसा येत असताना "पुरे" म्हणायला धैर्य लागतं. इतर काही संस्था तेव्हा नाराज झाल्या होत्या, कारण लोकांचा ओघ आटेल अशी त्यांना भीती होती. मला मात्र ती संस्था त्या दिवसापासून फार मोठी वाटते.

त्याच काळात मी नागपट्टणमला होते. भारताच्या मुख्य भूमीवर सर्वांत जास्त माणसं त्या जिल्ह्यात गेली, सहा हजारांहून अधिक. जगभरातून पैसा आला आणि त्यातला पुष्कळसा होड्यांसाठी आला. होडी दिसते, तिच्यावर नाव रंगवता येतं, फोटो चांगला येतो. काही किनाऱ्यांवर आधी होत्या त्याहून जास्त होड्या झाल्या. मासे वाहून विकणाऱ्या बायका, जाळी दुरुस्त करणारे, खारं पाणी शिरलेल्या शेतांवरचे दलित शेतमजूर यांच्यासाठी पुडीच नव्हती. होड्यांच्या ओळीत शिल्लक आणि मजुरांच्या ओळीत शून्य, असा ताळेबंद समोर ठेवून परवानगीची पत्रं लिहिण्यात तिथले महिने गेले. काही देणगीदारांनी ऐकलं. काहींचं उत्तर येईपर्यंत मुदत संपली.

पैसा कधी येतो, हाही प्रश्न तितकाच मोठा. टीव्हीवर पाणी दिसतं त्या पंधरवड्यात देणग्यांचा पूर येतो. कुटुंबाची खरी ओढाताण चौथ्या-सहाव्या महिन्यात सुरू होते. वाहून गेलेली माती शेतात पुन्हा टाकायची, भिंतीची ओल जात नाही म्हणून पोराला दमा, दुकानाचा माल भिजला पण उधारी उभीच. तेव्हा मदत मागायला गेलं की लोक विचारतात, "अजून तेच चाललंय का?" म्हणून आम्ही आता पहिल्याच बजेटमध्ये निम्म्याच्या आसपास रक्कम नंतरच्या महिन्यांसाठी मागतो, आणि का मागतो ते स्पष्ट लिहितो.

किल्लारीनंतरच्या कामात पैशाच्या वेळेचं महत्त्व मी प्रथम पाहिलं. जागतिक बँकेच्या कर्जासह राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला. बावन्न गावं नव्या जागी हलवली, आणि बाकीच्या गावांत लाखो घरांची डागडुजी घरमालकाने स्वतः करायची होती. पैसे हप्त्याने, कामाचा टप्पा अभियंत्याने पाहिल्यावर. ही पद्धत मला आजही चांगली वाटते. घर कसं हवं ते घरच्यांनी ठरवलं, ठेकेदाराने नाही. पण तिची एक गोम होती. पुढचा हप्ता मागचा टप्पा पुरा झाल्यावर, आणि टप्पा पुरा करायला चार पोती सिमेंट कमी पडलं तर ते आणायचं कुठून? ज्याच्याकडे गाठीला पैसा होता त्याने लावला. विधवा बाई यायची, रजिस्टरवर बोट ठेवून विचारायची, "ताई, भिंत अर्धी ऱ्हायली, हप्ता कवा यील?" हप्ता मंजूर होता. फक्त आठ दिवस आधी हवा होता. संस्थांनाही नेमकं हेच भोगावं लागतं: आधी खर्च करा, बिलं द्या, मग परतफेड. मोठ्या संस्थेला हे झेपतं. तालुक्यातल्या छोट्या मंडळाच्या खात्यात एवढा पैसाच नसतो, म्हणून ते काम घेऊच शकत नाही.

त्या कार्यक्रमात नव्या गावांतली घरं जमिनीच्या मालकीवरून ठरली: भूमिहीन आणि अगदी अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, त्यावर साडेचारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. आधीचं घर मोठं होतं त्याला मोठं, असा विचार त्यामागे होता. मला तो पटला नाही. भूमिहीनाच्या घरातही माणसं तेवढीच होती. पैशाचे निकष दिसायला तांत्रिक असतात, पण गावाची उतरंड पुढच्या पिढीसाठी सिमेंटमध्ये पक्की करायची ताकद त्यांच्यात असते.

सह्या-शिक्क्यांवर लोक चिडतात. कुरुंदवाडच्या बाजूला काम चालू असताना एक स्वयंसेवक मुलगा माझ्यावर भडकला होता, "ताई, लोक उपाशी आहेत आणि तुम्ही सही मागताय?" त्याचा राग खरा होता. मी त्याला टेम्पोचं व्हाउचर दाखवलं. गाडीचा नंबर, कुठून कुठे, माल किती, ड्रायव्हरची सही, उतरवून घेणाऱ्याची सही. पाच मिनिटांचं काम. माल मागवणारा एक, ताब्यात घेणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा, हा नियम माझ्या गैरहजेरीतही मोडत नाही. दोन दिवसांनी गावात बोलवा उठली की सगळा माल सरपंचाच्या भावकीत गेला. आम्ही गोडाऊनचं साठा-रजिस्टर आणि वाटपाची सही-अंगठ्याची यादी जुळवली आणि यादी चावडीवर लावली. बायका गोळा झाल्या, नावं वाचून घेऊ लागल्या. "आमचं नाव कुठं हाय बगा की ताई," म्हणत एक आजी पुढे आली. तिचं नाव खरंच नव्हतं. घर भाड्याचं, म्हणून राहिलेलं. त्या यादीमुळे आजी सापडली आणि तिच्यासारखी आणखी घरंही सापडली. बोलवाही तिथेच विरली. त्या संध्याकाळी तो मुलगा न सांगता पुढच्या गावाची यादी लिहायला बसला.

रोख पैशाचाही प्रश्न येतो. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च प्राप्तिकराच्या हिशेबात सहसा धरला जात नाही. पुराच्या दिवसांत वीज नाही, बँक बंद, एटीएम पाण्याखाली, आणि दुकानदार रोखीवर अडून. एकाच बिलाचे चार तुकडे करून चार नावांनी पैसे द्यायचा मोह तेव्हा होतो. तो टाळायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: पाऊस पडायच्या आधी व्यापारी ठरवणं. मे महिन्यात तीन-तीन कोटेशनं घेऊन, तुलनात्मक तक्ता करून ताडपत्री, तांदूळ, डाळ, क्लोरीनच्या गोळ्या यांचे दर आणि उधारीची मुदत लेखी ठरवून घ्यायची. ऑगस्टमध्ये बाजारात ताडपत्रीचा भाव चढतो, आमचा चढत नाही.

कायद्याच्या चौकटीही समजून घ्याव्या लागतात. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा असं ठरलं, आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यावर बंदी आली. गैरवापर रोखणं हे सरकारचं काम आहेच. पण शेवटच्या तरतुदीने मोठी संस्था आणि गावातलं मंडळ यांच्यामधला धागा तुटला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गल्ली ओळखणारी माणसं मंडळाकडे होती आणि पैसा मोठ्या संस्थेकडे. जगाच्या पातळीवरही गाडी इथेच अडते. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत पंचवीस टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिकांच्या हातात देऊ. प्रत्यक्षात थेट पैसा त्याच्या जवळपासही गेला नाही.

आशा वाटावी अशी गोष्टही घडते आहे. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुना नदीला पूर येणार असा अंदाज आल्याबरोबर, पाणी चढायच्या आधीच, संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून सुमारे बावन्न लाख डॉलर सोडले गेले. त्यातून हजारो कुटुंबांना साडेचार हजार टका आधीच मिळाले. माणसांनी धान्य घेतलं, गुरं उंचावर हलवली. अंदाज चुकला तर पैसा वाया जाईल ही भीती असते, पण पूर आल्यावर त्याच कुटुंबाला गाय विकून उभं राहावं लागतं, त्याची किंमत कुणी मांडत नाही. आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी करताना तातडीच्या मदतीला चाळीस टक्के, पुनर्उभारणीला तीस, धोका कमी करण्याला वीस आणि पूर्वतयारीला दहा टक्के असा विचार केला. पूर्वतयारीचे ते दहा टक्के तालुक्यापर्यंत उतरले पाहिजेत.

आमच्या संस्थेने आता पावतीपुस्तकात एक चौकट छापून घेतली आहे: 'ही रक्कम कोणत्याही आपत्तीच्या पूर्वतयारीसाठी वापरण्यास माझी हरकत नाही.' देणाऱ्याने खूण करायची. नीट समजावून सांगितलं की बहुतेक जण करतात. त्या पैशातून या उन्हाळ्यात होड्यांची डागडुजी झाली, व्यापाऱ्यांशी दरपत्रकं झाली, नदीकाठच्या गावांतल्या भाडेकरूंच्या आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या याद्या नव्याने झाल्या. गोडाऊनच्या राखणदाराचा सप्टेंबरपर्यंतचा पगार बाजूला काढून ठेवला आहे. ऑक्टोबरपासूनच्या पगाराची तरतूद अजून करायची आहे.